एका कार्डावर आत, दुसऱ्यावर बाहेर

१

आमच्या घरात रोख पैसे असलेच तर एखाद्या जुन्या कोटाच्या खिशात सापडतील. बाकी सगळा व्यवहार कार्डावर चालतो. आधी पैसे भरून ठेवायचे आणि मग दिवसभर ते कार्ड निरनिराळ्या यंत्रांना टेकवत हिंडायचं: बस, कँटीन, औषधांचं दुकान, वाहनतळ, महामार्गावरचा टोल. आमची दोन कार्डं होती, एक माझं आणि एक नवऱ्याचं. दोन्ही राखाडी, दोन्हींवर डोळे बारीक करून वाचावे लागतील असे आकडे. मी वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंवर खूण केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी दोन रंगांचे ठिपके चिकटवायचं सुचवलं होतं. त्यावर नवरा म्हणाला, की मग उद्या तू मलाही एखादा ठिपका लावशील. ठिपके राहून गेले. सुट्टीच्या दिवशी दोन्ही कार्डं गाडीतल्या एकाच चामडी पाकिटात, पाठीला पाठ लावून असत.

त्या आठवड्यात मला कामावरून परतताना त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. त्याची औषधं त्याच्याच कार्डावर घ्यायची, अशी आमची पद्धत, म्हणून सकाळी निघताना त्याचं कार्ड मागून घेतलं होतं. औषधवाल्याने ते यंत्राला टेकवलं. लाल दिवा लागला आणि पट्टीवर अक्षरं उमटली: ‘प्रवास अपूर्ण. कार्ड वापरता येणार नाही.’

औषधवाला जुना ओळखीचा. त्याने कार्ड शर्टाच्या बाहीला पुसून पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच. मग म्हणाला, “ताई, साहेब अजून रस्त्यात आहेत म्हणतंय हे.”

मी हसले. साहेब रविवारी बहिणीकडे जाऊन संध्याकाळीच परतले होते आणि या क्षणी दिवाणखान्यात पेपर वाचत पडलेले असणार, हे मला ठाऊक होतं. गोळ्या माझ्या कार्डावर घेतल्या आणि घरी आले. तो खरोखरच पेपर वाचत पडला होता.

२

कार्डांच्या दुरुस्तीचं केंद्र बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि काचेमागे एक कारकून. दिवसभर लोकांच्या त्याच त्या चुका ऐकून माणसाच्या आवाजाला जो एक कोरडा विनोद चढतो, तो त्याच्या आवाजाला चढला होता. त्याने कार्ड खाचेत सरकवलं, पडदा पाहिला आणि माझं कार्डही मागितलं.

चूक साधी होती. महामार्गाचा टोल अंतरावर ठरतो. आत शिरताना कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. माझा नवरा त्याच्या कार्डावर आत गेला होता आणि माझ्या कार्डावर बाहेर पडला होता. असं कार्ड यंत्र खरं तर नाकारतं, पण मागे गाड्यांची रांग लागली की खिडकीतली माणसं कमाल टोल लावून दांडा वर करतात. कारकून म्हणाला, की नवरा-बायकोंची कार्डं एकाच पाकिटात नांदतात तोवर त्याच्या नोकरीला धोका नाही.

“म्हणजे आता असं झालंय, मॅडम,” तो म्हणाला, “की एक माणूस आत गेलाय, तो बाहेर आलेला नाही. आणि एक बाहेर आलाय, तो कधी आत गेलेलाच नाही.”

मी विचारलं, की हे इथेच दुरुस्त होईल का. त्याने नकारार्थी मान हलवली. इथे करायचं तर ज्याचं कार्ड आहे त्याने स्वतः यायला हवं, अंगठा द्यावा लागतो. नाहीतर रविवारी जिथून बाहेर पडले त्या नाक्यावर कार्ड नेऊन द्यायचं. तिथल्या यंत्रावर ते एकदा बाहेर पडलं, की प्रवास पूर्ण.

“आणि माझ्या कार्डावरचं?”

“ते आपोआप रद्द होईल. जादा कापलेले पैसेही परत मिळतील. दोघं कसे बाहेर येतील? गाडी एकच होती ना.”

त्याने दोन्ही कार्डं काचेखालून सरकवली आणि पुढच्याला हाक मारली. जिन्यावरून उतरताना मला त्याचं पहिलं वाक्य आठवून हसू येत होतं. नवऱ्याला सांगायला चांगला मासला मिळाला, असं वाटलं.

३

नवरा हसला नाही. त्याने नीट ऐकून घेतलं, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. उद्या केंद्रावर जाऊन अंगठा देऊन ये, असं मी सांगितलं. बघू, म्हणाला.

तो एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढत असे. निवृत्त होऊन थोडाच काळ झाला होता. तेव्हापासून घरात त्याची एक अखंड कुरकुर भरून राहिलेली असे. खिडक्या कोणी उघड्या ठेवल्या, नळ कोणी घट्ट बंद केला नाही, माझी पुस्तकं त्याच्या टेबलावर कशी आली. मी दिवसभर शून्याच्या आसपास थरथरणाऱ्या काट्यांकडे बघून थकून येई आणि रात्रीचं जेवण त्या कुरकुरीसोबत गिळी. त्या आठवड्यात कुरकुर थांबली होती. भांडी घासलेली असत. मी बोलत असताना तो माझ्याकडे बघत असे. सुरुवातीला मला वाटलं, प्रकृती बरी नसेल. मग वाटलं, वय झाल्यावर काही माणसं निवळतात. मनाला एवढं कारण पुरलं, कारण मला विश्रांती मिळत होती.

खटकली ती गोष्ट फार लहान होती. तो दारांत थांबत असे.

खोलीतून बाहेर येताना चौकटीशी पोहोचला, की त्याचं पाऊल थबके. अर्धा श्वास जाईल एवढाच वेळ. नजर समोर, जराशी वर. मग तो पुढे येई. दिवाणखान्याचं दार, स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं. प्रत्येक दारात तसंच. चालताना पाय असे अडखळण्याचा एक आजार असतो, हे मी वाचलेलं होतं. मी डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी त्याला बोटं आपटायला लावली, रेघेवरून चालवलं आणि नसा ठणठणीत असल्याचं सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडताना मी मुद्दाम मागे राहिले. तो दारात थांबला आणि थांबूनच राहिला. मी त्याला ओलांडून पुढे गेले, तेव्हा तो माझ्यामागोमाग निघाला.

माझं कार्ड तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. ही नोंद मी मनाशी केली, आणि अशी नोंद केल्याबद्दल स्वतःवर चिडले.

४

नणंदेचा फोन रोज येऊ लागला होता. रविवारी बहीण-भावात चांगलीच जुंपली होती, हे मला तिच्याकडून कळलं. त्याची नजर अधू झाली आहे, आता महामार्गावर गाडी काढू नकोस, असं तिने सांगितलं. त्यावर तो ताटावरून उठला आणि निरोपही न घेता निघून गेला. तिला ते लागून राहिलं होतं. शेवटी ती स्वतःच आली.

त्याने तिचं अगदी प्रेमाने स्वागत केलं. तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाणी आणून दिलं. तिने रविवारचा विषय काढला, तर म्हणाला, की भांडण कसलं, काही झालंच नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पाणी ठेवायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“वहिनी, हा भांडला नाही माझ्याशी.”

“बरंच आहे की. इतकी वर्षं तक्रार करत होतीस.”

“अगं, दादा आहे तो. माफ करायचं झालं तरी आधी दोन टोमणे मारतो, मग करतो.” तिने आवाज खाली आणला. “त्या दिवशी तो नीट पोहोचला ना घरी?”

तिकडे बसलाय तो काय फोटो आहे का, असं मी म्हणाले. ती हसली नाही. जाताना तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो लगेच काढून घेतला, इस्त्री तापली आहे का हे बघताना घेतात तसा. तिच्या हाताला काय जाणवलं ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

त्यानंतर तिचे फोन बंद झाले.

५

एव्हाना तो माझं कार्ड वापरू लागला होता. त्याचं बंद होतं, त्यामुळे ते ओघानेच आलं. सकाळी मी निघण्याआधी तो हात पुढे करून म्हणे, तुझं दे. मग ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून दिवसभर घरात वावरे. मी कामावर जायला एका सहकारी बाईंच्या गाडीचा आधार घेतला होता. त्या एका आठवड्यासाठी रजेवर गेल्या आणि मला बसने जाणं भाग पडलं. तो अंघोळीला गेला असताना मी खुंटीवरच्या शर्टातून कार्ड काढून घेतलं. सांगितलं नाही. आपलंच कार्ड घेताना काय सांगायचं? तो खोलीत परतल्यावर उशाशी चहा ठेवला आणि निघाले.

त्या दिवशी प्रयोगशाळेत एक तराजू माझ्या हाताखाली शून्यावर यायलाच तयार नव्हता. तराजूखालचा दगड तपासला, हवा थांबवली, पारडी पुसली. काटा डावीकडे किंचित झुकलेलाच. सहायक म्हणाला, की बाई, आज तुमचाच हात थरथरतोय. तसंच असावं.

संध्याकाळी दार उघडलं. घरात दिवा नव्हता, पण खिडकीतून पुरेसा उजेड येत होता. नवरा झोपायच्या खोलीच्या दारात उभा होता. चौकटीच्या आतल्या बाजूला, नजर समोर, जराशी वर. हातात चहाचा कप. सकाळी मी त्याच्या उशाशी ठेवून गेलेला, तोच. चहा काठोकाठ होता आणि त्यावर जाड, सुरकुतलेली साय धरली होती. गोळ्या टेबलावर जशाच्या तशा होत्या. बिछान्यावरची चादर ओढलेली नव्हती.

“आलीस?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवाही नव्हता. “मी वाट बघत होतो.”

मी पर्स हातात घट्ट धरून त्याच्याजवळ गेले. तो हलला. माझ्या बाजूने दिवाणखान्यात आला, कप बेसिनमध्ये ओतला, विसळला आणि पालथा घातला. इतका वेळ तोललेला त्याचा हात जराही कापत नव्हता.

तो दिवसभर तिथेच उभा होता, हे मी पाहिलेलं नाही. मी फक्त निघताना आणि परतल्यावर पाहिलं. दोन टोकांच्या निरीक्षणांवरून मधलं काही सिद्ध होत नाही, हे मी इतरांना शिकवते. ते स्वतःला सांगत मी स्वयंपाक केला.

६

जेवताना मी म्हणाले, की ते कार्ड मी स्वतः नाक्यावर नेऊन दुरुस्त करून आणते. तुला यायची गरज नाही.

त्याने घास खाली ठेवला. “ते तसंच राहू दे.”

“चूक आहे ती. कुठेतरी अर्धवट पडून राहिली आहे.”

“राहू दे ना. कोणाचं काय अडतंय?” मग माझ्याकडे बघत, अगदी हळू: “मी तुला काही त्रास देतो का?”

“नाही.”

“आधी द्यायचो?”

मी ताटात पाहिलं. उत्तर मला माहीत होतं आणि त्यालाही, असं वाटलं. त्या क्षणी मला कळलं, की नवऱ्याने मला असा प्रश्न आजवर कधी विचारला नव्हता. त्याने तो विचारला असता, तर आमचं सगळं आयुष्यच वेगळं झालं असतं. आणि हेही कळलं, की तो दुसरा, कुरकुरणारा, खिडक्या लावत फिरणारा, ताटावरून उठून जाणारा माणूस मला आठवतो आहे. जवळ नसलेल्या माणसाची आठवण येते तसा.

सकाळी मी माझं कार्ड त्याच्या वरच्या खिशात ठेवलं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. हात थंड नव्हता, ऊनही नव्हता. खोलीत जेवढं तापमान होतं, तेवढंच त्या हाताला होतं. त्याचं कार्ड पर्समध्ये घालून मी खाली उतरले. आमची निळी गाडी वाहनतळात जागेवर होती. महामार्गावर मी कधीच गाडी चालवत नाही, म्हणून टॅक्सी ठरवलेली होती. गाडीला ओलांडून जाताना मी तिच्या टपाला हात लावून पाहिला. बोटाला धूळ लागली.

७

टॅक्सीने मला सेवारस्त्याने नाक्याच्या बाहेरच्या बाजूला सोडलं. दुपार होती, आभाळ पांढरट आणि सावली कुठेच नाही. टोलच्या खिडक्यांची रांग, पत्र्याचं लांब छप्पर, आणि छपराखाली काँक्रीटवर टायर घासल्याचा सततचा आवाज. कडेच्या खिडकीत एक मध्यमवयीन बाई बसली होती, गळ्यात ओळखपत्र, कानात कापसाचे बोळे. मी सगळी हकिगत सांगितली. तिने ती अर्धी ऐकली आणि उरलेली तिला पाठ होती. कार्ड यंत्रावर लावायला खाली गाडी उभी असावी लागते, ती म्हणाली, रस्त्याच्या पोटात तारा आहेत, त्यांना वजन कळतं. एखादी बिनकार्डाची गाडी आली, की तिच्यावर तुमचं लावून टाकू. थांबा जरा.

मी थांबले. गाड्या येत, हात बाहेर येई, यंत्र वाजे, दांडा वर जाई. बऱ्याच वेळाने वर्दळ ओसरली. आमच्या मार्गिकेत एक निळी गाडी येऊन दांड्याशी थांबली. मागे आणखी दोन.

गाडीवर धुळीचा इतका जाड थर होता, की निळा रंग मला अंदाजाने कळला. काच खाली झाली. चौकड्यांच्या शर्टाची बाही बाहेर आली, रिकाम्या हाताने यंत्र चाचपून पुन्हा आत गेली. आतला माणूस खिसे तपासत होता. वरचा खिसा, पँटचे खिसे, समोरचा कप्पा, डोक्यावरची उन्हाची झडप. मग पुन्हा वरचा खिसा. दाढी वाढलेली. तो कसलीशी कुरकुर करत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण चाल कळत होती.

निळ्या गाड्या पुष्कळ असतात. रविवारी त्याने घातला होता तसले चौकड्यांचे शर्टही. गाडीचा नंबर माझ्यापासून चार पावलांवर होता. धुळीतूनही तो वाचता आला असता. वाचणं हे माझं काम आहे. मी वाचला नाही.

खिडकीतली बाई म्हणाली, “हे बघा, आलेच. यांच्याकडे कार्ड नाही.” तिने माझ्याकडे हात पसरला. “द्या तुमचं, लावते. दांडा वर गेला की तुमचंही काम झालं.”

कार्ड माझ्या हातात होतं. ते तिच्या हातावर ठेवायचं, एवढंच. पण ते ठेवणं म्हणजे त्या गाडीतला माणूस कोण आहे हे मान्य करणं होतं. आणि तसं असेल, तर घरी खिशात माझं कार्ड घेऊन वावरणारा कोण होता, आणि दांडा वर गेल्यावर त्याचं काय होणार होतं, हेही. मी आयुष्यात अशी कोणतीच गोष्ट मान्य केलेली नाही, जी दोनदा मोजता येत नाही. माझा नवरा घरी होता. मी त्याला सकाळी पाहिलं होतं, त्याने माझ्या हातावर हात ठेवला होता. ही वस्तुस्थिती होती. मी पर्स उघडली आणि कार्ड आत टाकलं.

बाईने भुवया उंचावल्या. “ओळखीचे आहेत का तुमच्या?”

गाडीतल्या माणसाने मान वर केली. डोळे लाल, भोवती काळं, दिवसचे दिवस एकाच रस्त्याकडे बघून शिणलेले. ते माझ्यावर येऊन टेकले. अधू नजरेला एवढ्या अंतरावरून काय दिसतं, ते मला सांगता येणार नाही.

“नाही,” मी म्हणाले.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. बाईने खांदे उडवले, बाहेर वाकली आणि हाताने मागे जाण्याची खूण केली: कार्ड नाही तर परत फिरा, पुढच्या नाक्यावर बघा. मागच्या दोन्ही गाड्या कुरकुरत मागे सरकल्या. तो वाद घालेल, असं मला वाटलं. त्याने आजवर प्रत्येक खिडकीशी वाद घातला आहे. क्षणभर मी त्या आवाजाची वाटही पाहिली. पण त्याने स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून एकदा डोळे मिटले, उघडले आणि गाडी मागे घेतली. वळताना त्याने खिडकीतून एक हात वर केला, आपल्यामुळे खोळंबलेल्या अनोळखी माणसांची माफी मागतात तसा. मीही, नकळत, मान डोलावून ती माफी दिली.